मोटारसायकलचा पाठ : “हे इथं कशाला आहे?”



परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडलं की दर दोन-चार पानांनी एक सूचना भेटते – ‘निरीक्षण करा.’ आपण मुलांना झाडाजवळ नेतो, दगड दाखवतो, मुंग्यांची रांग दाखवतो. मुलं अर्धा मिनिट बघतात आणि म्हणतात, “झालं सर, बघितलं.” काय बघितलं विचारलं तर उत्तर येतं, “झाड.” बस्स, एवढंच!

यात मुलांची चूक नाही. ‘निरीक्षण करा’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे आपण त्यांना सांगतच नाही. मीही कित्येक वर्षं सांगत नव्हतो. मग एका मोटारसायकलने मला ते सांगायला शिकवलं. आजचा लेख त्या मोटारसायकलवरच्या पाठाचा आहे. पाठ पाचवीला घेतला, पण चौथी ते सातवी कुठेही घेता येईल. पालकांना घरी अंगणात, पार्किंगमध्येही घेता येईल. खर्च शून्य रुपये.

हाच विषय का?

आमची शाळा वाळूज औद्योगिक वसाहतीपासून जवळ आहे, गंगापूर तालुक्यात. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचं उद्घाटन झालं. त्यानंतर या भागाचं रूपच पालटलं. मोठ्या कंपनीभोवती तिला सुटे भाग पुरवणारी छोटी-मोठी वर्कशॉप आली, त्यांच्यामागे खोल्या आल्या, किराणा दुकानं आली, गावोगावची माणसं आली. त्या माणसांची मुलं आज माझ्या वर्गात बसतात. कोणाचे पप्पा प्रेसवर, कोणाचे वेल्डिंगला, कोणाचे पॅकिंगला. शिफ्ट सुटली की रस्ता दुचाक्यांनी भरून वाहतो.

अशा गावातल्या मुलांना मोटारसायकलचं वेड नसेल तरच नवल. आमच्या एका सहकारी सरांकडे काळी पल्सर २२० आहे. मधल्या सुट्टीत मुलं खेळ सोडून तिच्याभोवती गोळा होतात. ज्या मुलाकडून फळ्यावरची चार वाक्यं वहीत उतरवून घ्यायला मला नाकीनऊ येतात, तो मुलगा नुसत्या आवाजावरून येणारी गाडी कोणती ते सांगतो! मी पूर्वी त्यावर चिडायचो. एक दिवस वाटलं, अरे, याची नजर आणि कान तर दोन्ही उत्तम आहेत. आपणच त्याला चुकीच्या वस्तूसमोर उभं करतोय.

सुरुवात देवगिरीच्या दरवाज्यापासून

आदल्या दिवशी मी वर्गात मोटारसायकलचं नावही काढलं नाही. देवगिरी किल्ल्याच्या सहलीची आठवण काढली. तिथल्या मोठ्या दरवाज्यावर काय होतं? “खिळे!” लांब, टोकदार, लोखंडी खिळे. दिसायला रुबाबदार. पण ते शोभेसाठी नाहीत. शत्रूच्या हत्तीने दरवाज्याला धडक देऊ नये म्हणून ते ठोकलेत. आत गेल्यावर वाट सरळ का नाही, वळणावळणाची का? सैन्याला एका दमात आत घुसता येऊ नये म्हणून. अंधारी का आहे? तेही तसंच.

मग फळ्यावर एकच वाक्य लिहिलं – “हे इथं कशाला आहे?”

मुलांना सांगितलं, माणसाने बनवलेल्या कोणत्याही वस्तूवर जे काही दिसेल, त्याला हा प्रश्न विचारायचा. खिळा, भोक, खाच, वळण, रंग, काहीही असो. ते उत्तर आहे असं समजायचं आणि प्रश्न शोधायचा. निरीक्षण म्हणजे हेच. नुसतं बघणं नाही, बघता बघता विचारणं.

तयारी आणि काळजी

दुसऱ्या दिवशी सरांची गाडी लिंबाच्या सावलीत उभी केली. गाडी सकाळपासून बंद असल्याने सायलेन्सर थंड होता. किल्ली सरांच्या खिशात. गाडी स्टँडवर आणि शेजारी सर स्वतः उभे. मुलांना तीन नियम : गाडीवर बसायचं नाही, साखळीत आणि डिस्कमध्ये बोट घालायचं नाही, पाच-पाचच्या गटाने यायचं. प्रत्येक गटाला कागद दिला. त्यावर तीन रकाने – काय दिसलं? कशाला असेल? आपल्या घरात किंवा निसर्गात असं कुठे बघितलं?

तिसरा रकाना महत्त्वाचा आहे बरं का. खरी समज तिथेच दिसते.

पुढून मागे : मुलांना काय काय दिसलं

आधी थोडी माहिती, म्हणजे मुलांनी विचारलं तर आपण अडायला नको. पल्सर पहिल्यांदा बाजारात आली २००१ मध्ये, १५० आणि १८० सीसी इंजिनांसह. २२० आली २००७ मध्ये. ‘पल्सर’ हा शब्द खगोलशास्त्रातलाही आहे. ठरावीक वेळाने स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्याला पल्सर म्हणतात, मराठीत स्पंदक तारा. १९६७ मध्ये केंब्रिज विद्यापीठात जोसलिन बेल या तरुण विद्यार्थिनीने पहिला पल्सर शोधला. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तीही अशा ताऱ्यांचा अभ्यास करते. गाडीचं नाव विचारणाऱ्या मुलाला एवढं सांगितलं की बघा तो कसा वर आकाशाकडे बघतो!

आता गाडीकडे वळू.

*पुढचं आवरण.* हेडलाइटभोवतीचं हे आवरण पुढे निमुळतं आणि मागे रुंद होत जातं. मुलांनी लिहिलं, “स्टायलीसाठी.” मी विचारलं, एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर काय होतं? (काढायचा नाही, पण सगळ्यांनी काढलेला असतो!) तळवा उभा धरला की हात मागे ढकलला जातो, आडवा केला की वारा सुळकन निघून जातो. मग एक मुलगी म्हणाली, “सर, मासापण पुढून असाच असतो.” तिसरा रकाना भरला.

*आरसे.* बहुतेक गाड्यांचे आरसे हँडलवर असतात. या गाडीचे आरसे पुढच्या आवरणावर आहेत. हँडल वळवलं तरी आरसा जागेवरच राहतो. शिवाय आरसा थोडा फुगीर, म्हणजे बहिर्वक्र असतो. त्यामुळे मागचा जास्त रस्ता दिसतो, पण मागची गाडी आहे त्यापेक्षा लहान आणि लांब वाटते. मुलांना चमच्याची पाठ दाखवा, लगेच पटतं.

*हँडल.* साध्या गाडीला एकसंध आडवा दांडा असतो. हिला दोन वेगळे तुकडे आहेत, पुढच्या दोन नळ्यांना एकेक पकडलेला. त्यामुळे चालवणारा किंचित पुढे झुकतो, वाऱ्याला छाती कमी लागते. जलद गाडीसाठी हे ठीक. पण भाजीची पिशवी घेऊन रोज बाजारात जायचं असेल तर? एका मुलाने उत्तर दिलं, “पाठ दुखेल.” शाब्बास! एक गोष्ट मिळवली की दुसरी सोडावी लागते, हे त्याला कळलं. हे पुस्तकातून शिकवायला मला एक तास लागला असता.

*इंडिकेटर.* २००६-०७ च्या सुमारास पल्सरमध्ये एक सोय आली. वळण घेऊन हँडल सरळ झालं की इंडिकेटर आपोआप बंद होतो. आता विचार करा, कोणासाठी आहे ही सोय? चालवणाऱ्यासाठी तर आहेच, पण जास्त आहे ती मागून येणाऱ्यासाठी. इंडिकेटर चालू ठेवून सरळ जाणाऱ्या गाडीने आपल्या सगळ्यांनाच कधी ना कधी फसवलेलं आहे. ‘दुसऱ्यासाठी केलेली सोय’ हा शब्दप्रयोग मी इथे पहिल्यांदा वापरला. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*काट्याची तबकडी.* वेग आकड्यांत दिसतो, पण इंजिनाचे फेरे काट्याने दिसतात. का? मुलांनी डोकं लढवलं. काटा कुठे आहे हे न वाचताही डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं, आकडा मात्र वाचावा लागतो. वर्गातल्या घड्याळाकडे बघून ‘सुट्टीला थोडाच वेळ राहिला’ हे मुलांना आकडे न वाचताच कळतं ना, तसंच. या तबकडीवर ८ लिहिलं असेल तर ते ८,००० फेरे, आणि तेही एका मिनिटात! ६० ने भागा, सेकंदाला १३३ फेरे. भागाकार करून झाल्यावर मुलं गप्प झाली. मोठी संख्या अशी अंगावर आली पाहिजे.

*इंजिनावरच्या पट्ट्या.* इंजिनाला पातळ पातळ धातूच्या पट्ट्या का? एकसंध गुळगुळीत का नाही? गरम चहा आपण बशीत का ओततो? पसरला की लवकर निवतो. पट्ट्यांमुळे इंजिनाची हवेला लागणारी जागा कैक पटीने वाढते. हत्तीचे कानही हेच काम करतात. आणि या इंजिनाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी ठिणगीच्या वायरी आत गेलेल्या दिसतात. पल्सरमध्ये २००३ पासून दोन स्पार्क प्लगची रचना आहे. होळी एका बाजूने पेटवली तर सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो, दोन्ही बाजूंनी पेटवली तर लवकर आणि नीट पेटते. आत एवढंच होतं.

*डिस्कची भोकं.* “सर, पैसे वाचवायला भोकं पाडली.” सगळे हसले, पण उत्तर अगदीच वाया नव्हतं. भोकांमुळे वजन खरंच कमी होतं. शिवाय डिस्क लवकर थंड होते आणि पावसात तिच्यावर साचलेलं पाणी, धूळ निघायला वाट मिळते.

*मागचा दिवा.* दोन उभ्या लाल रेघा. रात्री जालना रोडला पुढे दोन लाल रेघा दिसल्या की मुलं सांगतात, पल्सर! गाडीची सही म्हणा ना. पण सहीपलीकडेही काही आहे. हे एलईडी दिवे जुन्या तारेच्या बल्बपेक्षा लवकर पेटतात. फरक सेकंदाच्या छोट्या हिश्श्याचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर जाते. म्हणजे सेकंदाचा फक्त दहावा हिस्सा वाचला तरी मागच्याला दीड मीटर जास्त मिळतो. दीड मीटर म्हणजे किती? फरशीवर खडूने आखून दाखवा. पुन्हा तेच – दुसऱ्यासाठी केलेली सोय.

टायरवरचं गणित

हा भाग गणिताच्या तासाला वेगळा घ्या. मुलं टायरला काळा गोल समजतात, पण टायर हे लिहिलेलं पुस्तक आहे. मागच्या टायरवर लिहिलंय – १२०/८०-१७.

१२० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे त्या रुंदीच्या शंभरातले ऐंशी भाग एवढी टायरची उंची. १७ म्हणजे आतल्या चाकाचा व्यास, इंचात. आता उंची काढा. १२० चे शंभरातले ऐंशी म्हणजे ९६ मिलिमीटर. पट्टी लावून बघा. १७ इंच म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर. त्यात वरची आणि खालची टायरची उंची मिळवा, म्हणजे ९.६ दोनदा. बेरीज येते जवळपास ६२ सेंटिमीटर.

आता टायरवर खडूची खूण करा, जमिनीवरही करा आणि गाडी हळूच ढकलत चाकाचा एक फेरा होऊ द्या. (हे काम सरांनी करायचं.) दोन खुणांमधलं अंतर दोरीने मोजा. आमचं आलं १ मीटर ९४ सेंटिमीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाक ५०० पेक्षा थोडे जास्त फेरे घेतं. शाळेपासून घर दोन किलोमीटर असेल तर? मुलांनी तोंडी सांगितलं. शतमान अजून नीट न आलेल्या मुलांनी!

टायरवर आणखी काय असतं? बाण, म्हणजे चाक कोणत्या दिशेने फिरवायचं ते. खाचांमध्ये मधूनमधून छोटा उंचवटा असतो. रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आलं की टायर बदलायचा. आणि एका लंबगोलात चार आकडे असतात. ते २३१९ असतील तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मुलांना गृहपाठ दिला, घरच्या गाडीच्या टायरचा वाढदिवस शोधून आणा. दुसऱ्या दिवशी तीन पालकांचे फोन आले, “सर, टायर गुळगुळीत झालाय म्हणून पोरगं गाडीवर बसेना.” मला यापेक्षा मोठं प्रगतिपत्रक नको.

जाळीचा प्रश्न

शेवटच्या गटात पाच मुली होत्या. त्यातल्या एकीने मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला बोट दाखवलं. “सर, ही जाळी कशाला?”

मी उत्तर द्यायच्या आत मागून एक मुलगा म्हणाला, “ती काढून टाकायची असते. माझ्या मामाने काढली. तिनं गाडी घाण दिसती.”

दोन-तीन माना डोलल्या. आणि मी जरा वेळ बोललोच नाही.

शिक्षक मित्रहो, त्या मुलाचा मामा चुकला असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? डी.एड. झाल्यावर नोकरी लागली, त्या वर्षी मी एक जुनी दुचाकी घेतली होती. पंचविशीचं वय. पहिल्याच आठवड्यात गॅरेजवर नेली आणि मेकॅनिकला सांगितलं, ही जाळी काढ, आरसे काढ, मागचं लांब मडगार्ड काप. तो म्हणाला, “जाळी राहू द्या सर.” मी म्हणालो, “काढ.” गाडी खरंच देखणी दिसायला लागली. मागून चाक पूर्ण मोकळं, एकदम शर्यतीच्या गाडीसारखं.

दिवाळीच्या आधी आईला घेऊन बाजारात निघालो. आई एका बाजूला पाय सोडून बसली, जशी आपल्याकडच्या सगळ्या आया बसतात. हातात पिशवी, डोक्यावरून पदर. आम्ही फार वेगात नव्हतो. अचानक गाडी मागून खेचल्यासारखी झाली आणि मागे वळून बघेपर्यंत आई रस्त्यावर होती. पदर चाकात गेला होता. वेग कमी होता आणि मागे ट्रक नव्हता म्हणून मनगटाच्या फ्रॅक्चरवर निभावलं. प्लास्टर सव्वा महिना. त्या दिवाळीला घरात करंज्या झाल्या नाहीत. आई मला एक शब्द बोलली नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “माझाच पदर नीट खोचलेला नव्हता.”

तिला जाळीबद्दल माहीतच नव्हतं. मला माहीत होतं.

हे सगळं मी मुलांना सांगितलं. सर चुकले, हे सांगितलं. मग त्यांना सांगितलं की या जाळीला सगळे साडी गार्ड म्हणतात. ती कंपनीला वाटलं म्हणून लावलेली नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३ व्या नियमात लिहिलंय, की मागे बसणाऱ्याला धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक निम्म्यापेक्षा कमी नाही इतकं झाकणारं आवरण हवं, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. म्हणजे कुठेतरी कोणीतरी बसून विचार केला, की या देशात मागे साडी नेसलेली, ओढणी घेतलेली बाई बसते आणि ती एका बाजूला बसते. तिच्यासाठी ही जाळी आहे.

“चालवणाऱ्याला तिचा काही उपयोग आहे का?” मी विचारलं.

“नाही.”

“मग कोणाला आहे?”

“मागं बसणारीला.”

ज्या मुलाने मामाचं सांगितलं होतं, तो कागदावर काहीतरी लिहीत होता. नंतर बघितलं. ‘काय दिसलं?’ – जाळी. ‘कशाला असेल?’ – मम्मीसाठी. तिसरा रकाना रिकामा होता. तो भरलेलाच आहे असं मी समजलो.

स्प्रिंगचा मालक

पाठ संपला असं वाटत असताना आणखी एक गोष्ट झाली. वर सांगितलेला, वहीत चार वाक्यं न उतरवणारा मुलगा बाजूच्या स्टँडजवळ उकिडवा बसून राहिला होता. स्टँडला एक स्प्रिंग असतं. स्टँड खाली केलं की ते त्याला खालीच ओढून धरतं, वर केलं की वरच ओढून धरतं. अर्ध्यावर ते थांबूच देत नाही. एकच स्प्रिंग दोन उलटी कामं कसं करतं? कारण फिरण्याच्या बिंदूच्या एका बाजूने ते दुसऱ्या बाजूला जातं, आणि ओढायची दिशाच बदलते. सरांनी स्टँड दोन-तीनदा वरखाली करून दाखवलं. ‘टक्’ असा आवाज आला.

तो म्हणाला, “सर, माझे पप्पा असले स्प्रिंग तपासतात. रोज. कुठं लागतात ते मला माहीत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी त्याने वहीचं अर्धं पान लिहून आणलं. वडिलांना विचारून विचारून. स्प्रिंग ताणून बघतात, मापात नसलं तर लाल डब्यात टाकतात, लाल डब्यातलं स्प्रिंग गाडीला गेलं तर चालता चालता स्टँड खाली येईल आणि वळणावर माणूस पडेल. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. मी एकही लाल खूण केली नाही. त्या पानावर पुरेसा लाल रंग आधीच होता.

पालकसभेला त्याचे वडील आले होते. म्हणाले, “सर, आठ वर्षं झाली कंपनीत. पोरानं पहिल्यांदा विचारलं, पप्पा तुम्ही काय करता.”

पालकांसाठी थोडं

हा पाठ वाचून कोणी म्हणेल, मुलांच्या डोक्यात आधीच गाड्यांचं वेड, त्यात तुम्ही शाळेतच गाडी आणली! शंका रास्त आहे. पण वेड तर असतंच. आपण ते दाबलं तर ते नाहीसं होत नाही, फक्त आपल्यापासून लपतं. आणि मग ते फक्त वेग आणि आवाज एवढ्यावरच वाढतं. तेच वेड तपशिलाकडे वळवलं तर मूल विचारायला लागतं, आरसा का आहे, जाळी का आहे, टायर किती झिजलाय. ज्याला गाडीतलं शहाणपण दिसतं, तो ते कापून टाकायला सहजासहजी तयार होत नाही.

कायदाही माहीत असू द्या. गिअरची गाडी चालवायला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. “आमचा बाळू नववीतच गाडी हाणतो” हे कौतुकाने सांगण्यासारखं नाही.

आणि घरची गाडी एकदा नीट बघा. जाळी आहे का? दोन्ही आरसे आहेत का? मागे बसणाऱ्याचे पाय ठेवायचे दांडे उघडतात का? नसेल तर आधी ते करून घ्या, मग मुलांना सोबत घेऊन हा पाठ करा.

वर्गात करून बघण्यासाठी

१. तीन रकान्यांचा कागद घेऊन दहा मिनिटांत दहा तपशील शोधा. ‘शोभेसाठी’ हे उत्तर चालेल, पण एकदाच.

२. शोधलेल्या तपशिलांचे दोन गट करा – चालवणाऱ्याच्या सोयीचे आणि दुसऱ्याच्या सोयीचे. दुसऱ्या गटात काय काय येतं, यावर चर्चा घ्या. हा या पाठाचा गाभा आहे.

३. टायरवरचे आकडे वाचून उंची काढा. चाकाचा एक फेरा दोरीने मोजा.

४. घरातल्या मोठ्या माणसाच्या कामातली एक छोटी वस्तू निवडा. शिवणयंत्राची बॉबिन, विळ्याची मूठ, कुकरची शिट्टी, काहीही. ‘हे इथं कशाला आहे?’ विचारून पाच वाक्यं लिहा.

५. गाडी मिळाली नाही तर सायकल घ्या. सायकललाही साखळीवर झाकण असतंच की!

मूल्यमापन वेगळं करायची गरज नाही. आठवड्याने मुलांना शाळेचं गेट दाखवा आणि काही न सांगता उभे राहा. ज्या मुलाने स्वतःहून विचारलं, “सर, ही कडी आतल्या बाजूनं का आहे?” त्याला पाठ समजला.

माझ्या आईचं मनगट थंडीत अजून दुखतं. आता माझ्या गाडीला जाळी आहे, दोन्ही आरसे आहेत आणि मडगार्ड पूर्ण लांबीचं आहे. गाडी पूर्वीइतकी देखणी दिसत नाही, असं एक विद्यार्थी परवा म्हणाला. मी त्याला डाव्या बाजूने परत एकदा बघायला सांगितलं.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी शोधलेला एखादा तपशील मला जरूर कळवा. विशेषतः जो तुम्हालाही आधी दिसला नव्हता, तो.